बोली सुटली, पण फोन लागेना: ऑनलाइन हर्रासात पहिला बोलीदार गायब होतो तेव्हा

लिलाव दुपारी चारला बंद झाला. ट्रॅक्टर ३,८५,००० रुपयांना सुटला. साडेचारला फोन केला तर बंद. रात्री आठला घंटी वाजते, पण कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचा फोन येतो, "साहेब, तो घेत नसंल तर आपल्याला द्या." आणि चेअरमन म्हणतात, "ज्याच्या नावावर सुटला त्यालाच द्यायचा, थांबा." असं थांबता थांबता पंधरा दिवस जातात, ट्रॅक्टर उन्हात उभा राहतो, बॅटरी उतरते आणि शेवटी तो ३ लाखांना मागणारेही उरत नाहीत.

हप्ते थकले म्हणून पतसंस्थांनी ओढून आणलेली वाहनं, शेतकरी उत्पादक कंपनीची जुनी मळणी यंत्रं, जिनिंगचं भंगार, गाळ्यांचं भाडं असे हर्रास, म्हणजे लिलाव, मराठवाड्यात आता मोबाईलवर होऊ लागले आहेत आणि हे दुखणं दर दोन-तीन हर्रासांमागे एकदा येतंच. चावडीवरच्या हर्रासात बोलणारा समोर उभा असायचा. त्याचं गाव, त्याची भावकी ठाऊक असायची आणि मागे फिरण्याची लाज वाटायची. मोबाईलवर ते सगळं गळून पडलं, दहा आकडी नंबर तेवढा राहिला. जे काम ओळख करायची, ते आता लेखी अटी, ठरलेली वेळ आणि आधी घेतलेली अनामत यांच्याकडून करून घ्यावं लागतं. या तिन्हींपैकी एक जरी सैल असली, तरी पुढचं सगळं फोनाफोनीवर येतं.

पहिले २४ तास

हर्रास बंद झाल्यापासून १५ मिनिटांच्या आत निकालाचा संदेश गेला पाहिजे. उशीर झाला की बोलीदार म्हणतो, "मला वाटलं दुसऱ्यालाच सुटला." संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आणि साध्या एसएमएसवर, दोन्हीकडे पाठवा. डोंगरपट्ट्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या गावांत इंटरनेट जातं, पण साधा संदेश पोचतो. मजकूर असा ठेवा:

"रामराम. आज दि. __ रोजी ट्रॅक्टर क्र. __ चा हर्रास आपल्या नावावर ३,८५,००० रुपयांना सुटला आहे. आज संध्याकाळी ६ पर्यंत 'मान्य' असं उत्तर द्यावं. अनामत २०,००० वजा करून २५ टक्क्यांचे उरलेले ७६,२५० रुपये उद्या संध्याकाळी ५ पर्यंत आपल्या स्वतःच्या खात्यातून भरावेत. राहिलेले २,८८,७५० रुपये ७ दिवसांत. मुदतीत पैसे न आल्यास अट क्र. __ प्रमाणे हर्रास रद्द होऊन पुन्हा घेतला जाईल."

रक्कम आणि वेळ आकड्यांत लिहा. "लवकर भरा" याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

उत्तर आलं नाही तर तीन फोन करा, पण तीन वेगळ्या वेळी: त्याच संध्याकाळी ७ ते ९ मध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास आणि दुपारी एकला. ज्या फीडरला शेतीची वीज रात्री येते तिथला माणूस रात्रभर दारं धरतो आणि सकाळी झोपतो, त्याला दहाला केलेला फोन वाया जातो. पेरणीत आणि सोयाबीन काढणीत दुपारी एकची भाकरीची वेळच काय ती सापडते. प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहा. नोंदणीच्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नंबरवरही एक फोन करा, पण तिथे "त्यांना कळवा" एवढंच म्हणा. किती रुपयांना सुटला हे घरच्यांना सांगणं आपलं काम नव्हे. त्यातून भावकीत भांडणं लागलेली आहेत.

आणि या २४ तासांत दुसऱ्या बोलीदाराला कसलाही शब्द देऊ नका. "बघू, तुमचंच होईल" हे वाक्य पुढे अंगाशी येतं.

गप्प का आहे, ते आधी ओळखा

उत्तर न देणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात, आणि उपाय प्रत्येकाला वेगळा लागतो.

पहिला प्रकार आकडा चुकलेल्यांचा. ३८,५०० टाकायचे होते, ३,८५,००० पडले. किंवा फोन पोराच्या हातात होता. असा माणूस घाबरतो आणि फोनच उचलत नाही. त्याच्या बोलीचा इतिहास पाहिला की लगेच लक्षात येतं: आधीच्या बोली दोन-दोन हजारांनी चढत गेलेल्या आणि एकच उडी दहापट. त्याला लेखी लिहून घेऊन सोडा, बोली बाद करा. भांडून उपयोग नाही. बोलणारा १८ वर्षांखालचा निघाला तर करारच उभा राहत नाही, कारण भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञानाशी करार होत नाही.

दुसरा प्रकार पैसा न जुळलेल्यांचा. हा सर्वांत मोठा गट, आणि यातले बहुतेक जण खोटे नसतात. उसाचं बिल आलं नाही, सोयाबीनचा काटा झाला पण आडत्याने पट्टी दिली नाही, फायनान्सवाल्याने जुन्या ट्रॅक्टरवर कर्ज नाकारलं. लाजेपायी ते बोलत नाहीत. यांच्याशी बोलताना "घेणार की नाही?" असा प्रश्न टाकू नका, उत्तर नेहमी "घेणारच" येतं. "काका, किती रक्कम आज तयार आहे आणि उरलेली कुठून यायची आहे?" असं विचारा. ज्याला खरंच घ्यायचं आहे तो आडत्याचं नाव, कारखान्याचं नाव, तारीख सांगतो. मुदत द्यायची तर एकदाच द्या, लेखी द्या आणि २५ टक्के हातात आल्यावरच द्या. पैसे न घेता दिलेली मुदत ही उधारी आहे.

तिसरा प्रकार दुसऱ्यासाठी बोलणाऱ्यांचा. "मी मेहुण्यासाठी बोललो, आता तोच नको म्हणतोय." अटीत लिहिलेलं असावं की ज्याच्या नावाने नोंदणी झाली, जबाबदारी त्याची आणि पावतीही त्याच्याच नावाने फाटेल. नंतर नाव बदलून मागणारे दलाल असतात. गाडी परस्पर तिसऱ्याला विकायची, तो मिळेपर्यंत पैसे भरायचे नाहीत, हा त्यांचा धंदा. एकदा नाव बदलून दिलं की पुढच्या प्रत्येक हर्रासात तेच लोक येऊन बसतात.

चौथा प्रकार ठगांचा, पाचवा संगनमताचा. त्यांचं खाली सविस्तर येतं.

ओळख जुळत नाही म्हणजे नेमकं काय

पडताळणी हर्रास संपल्यावर करायची ही मोठी चूक. अनामत भरायच्या आधीच ती पुरी झाली पाहिजे, नाहीतर "आधार पाठवतो" म्हणत पहिला बोलीदार आठवडा काढतो. पण आधी केली तरी नावं जुळत नाहीत अशी तक्रार येतेच, आणि इथे खऱ्या माणसाला विनाकारण बाद केलं जातं.

मराठवाड्यात २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली. पॅन किंवा बँक पासबुकावर औरंगाबाद, उस्मानाबाद असेल आणि नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असेल, तर ती तफावत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये किसन-किशन, शेख-शेक, ज्ञानोबा-दिनोबा असा फरक पडतो. पॅनवर "माधव", बँकेत "माधवराव" असतं. लग्नानंतर बाईचं आधारवरचं नाव बदलतं, पॅनवरचं माहेरचंच राहतं. अशा ठिकाणी वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख आणि फोटो जुळतो का ते पाहा आणि "दोन्ही नावं माझीच" असं एका ओळीचं सहीचं पत्र घ्या. खरी तफावत वेगळी दिसते: जन्मसाल वेगळं, वडिलांचं नाव वेगळं, किंवा पत्ता एका राज्यातला आणि बँक शाखा दूरच्या दुसऱ्या राज्यातली, आणि त्याबद्दल विचारलं की माणूस चिडतो.

आधारचा फोटो पाहून काही सिद्ध होत नाही, तो कुणीही बनवतो. कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमधून स्कॅन करा. त्यात डिजिटल सही असते, त्यामुळे बनावट कार्डावरची छापील माहिती आणि स्कॅनमधली माहिती वेगळी निघते. पूर्ण क्रमांक मागूच नका, शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार पुरतं. आणि कुणाचंही कार्ड ग्रुपवर टाकायला सांगू नका. एका ग्रुपवर पडलेली चाळीस आधार कार्डं म्हणजे पुढच्या चाळीस फसवणुकींचा कच्चा माल. व्यापारी असेल तर जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दोन मिनिटांत कळतं.

पत्ता घेताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि वस्ती किंवा गल्ली लिहून घ्या. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव ही गावं जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. "मु. पो. पिंपळगाव" एवढ्यावर पाठवलेली नोटीस परत येते, आणि नोटीस पोचलीच नाही म्हणून पुढची सगळी कारवाई अडते.

शेवटची पडताळणी खात्याची. बोलीदाराने दिलेल्या खात्यावर १ रुपया पाठवा आणि खातेदाराचं नाव पाहा. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्येही आता पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचं नाव दिसतं. या एका रुपयाने जितके खोटे बोलीदार गळतात, तितके दुसऱ्या कुठल्याच कागदाने गळत नाहीत.

पैसे आले, पण कुणाच्या खात्यातून?

यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे नुकसान फक्त एका सौद्याचं होत नाही.

ठगाची रीत अशी असते. तो चढी बोली लावतो, जिंकतो, पडताळणीत टाळाटाळ करतो आणि एकदम पूर्ण रक्कम येते, पण तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून. "मामाच्या खात्यातून टाकले, गाडी आजच उचलतो." आपण खूश. गाडी गेली. आठ-पंधरा दिवसांनी आपल्या खात्यातली तेवढी रक्कम बँक गोठवते, कधी पूर्ण खातंच बंद होतं. कारण ते पैसे कुणाची तरी सायबर फसवणूक करून काढलेले होते, त्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग आपल्या खात्यापर्यंत आला. मग दूरच्या कुठल्यातरी सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं आणि तोवर पतसंस्थेच्या ठेवीदारांना पैसे कुठून द्यायचे? म्हणून नियम एकच: ज्याची नोंदणी, त्याच्याच खात्यातून पैसे. तिसऱ्याकडून आलेली रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात बँकेमार्फत परत पाठवा. बोलीदार म्हणतो म्हणून दुसऱ्या खात्यात वळती करू नका. "चुकून २० हजार जास्त आले, ते या नंबरवर टाका" ही त्याच खेळातली पुढची पायरी.

बाकीच्या युक्त्या जुन्या आहेत, तरी लोक फसतात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, एसएमएससुद्धा नव्हे. आपल्या खात्याचं विवरण उघडून यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, जुळवा. चेक जमा केल्यावर शिल्लक वाढलेली दिसली तरी वटेपर्यंत ती आपली नाही. डिमांड ड्राफ्ट घेतला तर काढणाऱ्या शाखेला फोन करून खात्री करा, आणि तो नंबर ड्राफ्टवरचा किंवा बोलीदाराने दिलेला नसावा, बँकेच्या संकेतस्थळावरून काढलेला असावा. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. रोख २ लाख किंवा त्यापुढे एका व्यवहारात घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. चार दिवसांत तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच राहतो.

एक साधी अडचण मात्र खऱ्या बोलीदाराचीच असते. यूपीआयची रोजची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये आहे, आणि नेटबँकिंगमध्ये नवा लाभार्थी जोडल्यावर सुरुवातीला बँका कमी रकमेची मर्यादा लावतात. माणूस खरोखर पैसे पाठवत असतो, ते जात नाहीत. यावर तोड सोपी: अनामत यूपीआयने न घेता, पुढची रक्कम ज्या खात्यातून येणार त्याच खात्यातून, आपल्या त्याच खाते क्रमांकावर घ्या. लाभार्थी आठवडाभर आधीच जोडला जातो, खात्याची पडताळणीही होते आणि "सर्व्हर डाऊन" म्हणायला जागा राहत नाही.

दुसऱ्याला द्यायचं का?

पहिला गेला की दुसऱ्याला बोलवा, हे सगळ्यांना सरळ वाटतं. पण कायद्याच्या नजरेत वरची बोली आली की खालची बोली तिथेच संपते. दुसऱ्यावर ती पुन्हा लादता येत नाही. त्याला राखीव म्हणून धरून ठेवायचं असेल तर अटीत आधी लिहा: "दुसऱ्या क्रमांकाची बोली ३ कामकाजी दिवस कायम राहील आणि तोवर त्याची अनामत परत होणार नाही." तीनपेक्षा जास्त दिवस अनामत अडवली तर लोक पुढच्या वेळी येत नाहीत.

त्याहून मोठा धोका संगनमताचा. समजा ट्रॉली आणि रोटाव्हेटरची सरकारी बोली, म्हणजे किमान किंमत, ९०,००० आहे. एकाने ९५,००० बोलले. लगेच दुसऱ्याने १,७५,००० ची उडी मारली. ज्यांची ताकद १,२०,००० पर्यंत होती ते सगळे बाजूला झाले. हर्रास सुटला आणि १,७५,००० वाला गायब. आता दुसऱ्या क्रमांकावर कोण? ९५,००० वाला, आणि दोघे एकाच गाडीतून आलेले. त्याला दिलं की २५,००० सरळ बुडाले.

म्हणून दुसऱ्याला देण्याआधी चार गोष्टी पाहा. दोघांची अनामत एकाच खात्यातून आली होती का? दोघांनी दिलेला पर्यायी नंबर एकच आहे का? वस्तू पाहायला दोघे एकत्र आले होते का (आवारातल्या वहीत नोंद असते)? आणि पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती? पाच-सात टक्क्यांच्या आत असेल आणि बाकी काही संशय नसेल तर दुसऱ्याला त्याच्याच बोलीच्या किमतीत लेखी विचारा, उत्तराला २४ तास द्या. अंतर त्याहून जास्त असेल तर हर्रास पुन्हा घ्या. वेळ जातो, पण तेच बरोबर आहे. दुसऱ्याकडून "पहिल्याइतके द्या" अशी मागणी करू नका, त्याने तेवढे बोललेच नव्हते.

इकडून आपल्या बाजूनेही स्वच्छ राहा. भाव चढवायला संस्थेच्याच माणसाने बोली लावायची, आणि चुकून त्याच्याच नावावर सुटली की "बोलीदार संपर्कात नाही" म्हणून जाहीर करायचं, हे काही ठिकाणी चालतं. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर राखून ठेवलेला नसेल तर अशी विक्री खरेदीदाराला फसवणूक म्हणून नाकारता येते.

अनामत किती ठेवायची, किती परत करायची

त्याच कलम ६४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे: विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत कुणालाही बोली मागे घेता येते. चावडीवर "तीन वार" म्हटलं की संपायचं. मोबाईलवर ते कधी संपतं हे अटीत लिहा, उदाहरणार्थ "वेळ संपून निकालाचा संदेश गेला की हर्रास पूर्ण." हे लिहिलेलं नसेल तर गायब झालेला माणूस महिन्याने उगवून म्हणतो, मी आधीच मागे घेतली होती.

पुन्हा हर्रास घेण्याआधी पहिल्याला नोटीस द्या. त्याच कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून पुन्हा विकलं तर तुटीची भरपाई मागता येते. नोटीस दिली नाही आणि पुनर्विक्रीचा हक्कही अटीत राखलेला नाही, तर भरपाई तर जातेच, वर दुसऱ्या विक्रीत जास्त पैसे आले तर तो नफा पहिल्याचा ठरतो. नाशवंत मालाला नोटीस लागत नाही. जुन्या वाहनाला ३ ते ७ दिवस पुरेत. नोटीस स्पीड पोस्टने, एसएमएसने आणि व्हॉट्सअ‍ॅपने, तिन्हीकडे जाऊ द्या.

हिशेब असा येतो. पहिली बोली ३,८५,०००, पुन्हा विकला ३,५२,००० ला. तूट ३३,०००, जाहिरात आणि पार्किंगचा खर्च ४,०००, एकूण ३७,०००. त्याची फक्त २०,००० अनामत हातात असेल तर ती ठेवा, १७,००० मागता येतात. त्याने २५ टक्के म्हणजे ९६,२५० भरलेले असतील तर ३७,००० ठेवून ५९,२५० परत करा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अटीत कितीही मोठा आकडा लिहिला तरी वाजवी भरपाईच मिळते. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नुकसान झालेलं नसताना जप्त केलेली लिलावाची अनामत परत करायला लावली. म्हणून दुसऱ्या हर्रासाचे कागद आणि खर्चाच्या पावत्या फाईलला लावून ठेवा.

वसुलीचा हर्रास असेल तर मात्र आपलं घड्याळ चालत नाही. पतसंस्थेची सहकारी कायद्याखालची, नियम १०७ ची स्थावर मालमत्तेची विक्री असेल तर १५ टक्के जागेवरच आणि उरलेले १५ दिवसांत. बँकेची सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखालची स्थावर मालमत्तेची विक्री असेल तर २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजी दिवशी, बाकी विक्री कायम झाल्यापासून १५ व्या दिवसापर्यंत, आणि लेखी संमतीने वाढवली तरी जास्तीत जास्त ३ महिने. तिथे पैसे थकले की जप्ती नियमानेच होते. तुटीचा वरचा हिशेब सरफेसीच्या विक्रीला लागू नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने षण्मुगवेलू प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

नुसते पैसे न भरणं हा दिवाणी वाद आहे, पोलीस ठाण्यात तेच सांगतील. खोटा स्क्रीनशॉट, बनावट आधार, बनावट ड्राफ्ट यांवर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होते. त्यासाठी ग्रुपवरचे आपोआप पुसले जाणारे संदेश बंद ठेवा, संवाद निर्यात करून जपा आणि तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ फोन हातात असला की सोपं जातं.

पुढच्या हर्रासात काय बदलायचं

अनामत ३ लाखांच्या वस्तूला १,००० ठेवली तर गंमत म्हणून बोलणारे येतात, १ लाख ठेवली तर गरजू शेतकरी येत नाही. सरकारी बोलीच्या ७ ते १० टक्के हा माप बसतो. पण लोक अनामत भरायला का कचरतात? कारण हरलेल्यांची अनामत महिना-महिना परत मिळत नाही. मग संस्था अनामत कमी करते, आणि कमी अनामतीमुळे गायब होणारे वाढतात. राखीव ठेवलेला दुसरा सोडून बाकी हरलेल्यांचे पैसे २ कामकाजी दिवसांत त्याच खात्यात परत गेले, तर पुढच्या वेळी १० टक्केही भरतात.

बोलीच्या पायरीला वरची मर्यादा लावा. पायरी २,००० असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १०,००० ची उडी. आकड्याची चूक आणि १,७५,००० ची ती आडवी भिंत, दोन्ही एकाच नियमाने थांबतात. आकडा टाकल्यावर तो अक्षरी दाखवून पुन्हा "होय" विचारणारी सोय असेल तर उत्तम. शेवटच्या ३ मिनिटांत बोली आली की वेळ ३ मिनिटांनी वाढू द्या, म्हणजे लाईट गेली किंवा रेंज गेली म्हणून कुणी मागे राहत नाही.

हर्रास सकाळी ११ ते १ ठेवा, गावच्या आठवडी बाजाराचा दिवस सोडून. दुसरा-चौथा शनिवार आणि त्याचा आदला दिवस टाळा. आरटीजीएस चोवीस तास चालतं हे खरं, पण आपला बहुतेक बोलीदार शाखेत जाऊन चिठ्ठी भरतो.

पैसे भरले, पण गाडी नेत नाही

हेही गायब होण्याचंच एक रूप. पूर्ण पैसे आल्यावर ३ दिवसांत उचलायची, पुढे दिवसाला ठरलेलं पार्किंग भाडं, हे अटीत हवं. गाडी देताना पावती, इंजिन आणि चेसिस क्रमांक, तास-मीटरचा आकडा, किती वाजता दिली ती वेळ आणि सही, सगळं एका कागदावर घ्या. आरटीओच्या नाव बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका. वाहनावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला नमुना ३५, आणि फायनान्सवाल्याने ओढून आणलेल्या वाहनाची आरसी आधी नमुना ३६ ने स्वतःच्या नावावर झालेली असावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, बाहेरच्या राज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. एमएच २३ ची गाडी एमएच २४ मध्ये गेली म्हणून मुदत बदलत नाही. घेणारा टाळत असेल तरी आपली सूचना आपण वेळेत द्या. नावावर होईपर्यंत अपघात झाला तर नुकसानभरपाईत नोंदणीकृत मालकालाच धरलं जातं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. त्या गाडीचा विमा नाव बदलल्याची आरसी हातात येईपर्यंत संपू देऊ नका.